बुजगावण्याला दिलेला सदरा

माझा नवरा नाशिकच्या एका बाईशी रोज गोडगोड बोलतो, ही बातमी मला माझ्या मुलीने दिली, आणि तीसुद्धा हसत हसत.

"आई, बाबांची नंदिता पाहिली का तू?" तेजूने बंगळूरहून विचारलं. "काय रंगात आलं आहे प्रकरण. मी तर रोज वाचते."

मी कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला.

"कोण नंदिता?"

"अगं, ठग आहे कोणीतरी. बाई आहे, पुरुष आहे की नुसतं यंत्र आहे, देव जाणे. आणि बाबा म्हणजे काही खरे बाबा नाहीत, त्यांचं बुजगावणं. तू घाबरू नको."

मी घाबरले नव्हते. मला राग आला होता. या दोहोंतला फरक माझ्या लेकीला चाळिशी आली तरी कळत नाही.

बुजगावणं म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुबाडणं हा मधल्या काळात मोठाच धंदा झाला होता. कोणी मैत्रीण व्हायचं, कोणी पोलीस, कोणी परदेशातला भाचा. फोनवर लाल अक्षरांत इशारे यायचे, ते कोणी वाचत नसे. एक नंबर बंद करावा तर दुसऱ्यावरून तोच माणूस हजर. मग अकोल्याच्या दोन इंजिनीअर पोरींनी उलटा विचार केला. ठगाला हाकलायचं कशाला, त्याला बोलत ठेवू. कारण ठगांनीही आता माणसं ठेवणं सोडलं होतं. त्यांचं एक यंत्र एका वेळी हजारो म्हाताऱ्यांशी लाडीगोडी लावतं. पण त्या यंत्राच्या प्रत्येक वाक्याला वीज लागते, खर्च येतो. म्हातारा महिनोन्महिने नुसत्याच गप्पा मारत बसला आणि हाती काही लागलं नाही, तर धंदा बुडतो.

म्हणून फोनमध्ये मालकाची एक नक्कल बसवायची. संशयाचा निरोप आला की ती तो मालकापर्यंत पोचू देत नाही, स्वतःच उत्तर देते, आणि तेही मालकाच्या भाषेत. कधी चष्मा सापडत नाही म्हणते, कधी जावई आला म्हणते, पण पत्ता, पैसा, चेहरा यांतलं काही देत नाही. ही नक्कल अस्सल वाटावी म्हणून ती मालकाचे जुने निरोप वाचते, त्याचं फोनवरचं आणि घरातलं बोलणं ऐकते. हा माणूस कोणापाशी कोणता शब्द वापरतो, कुठे थांबतो, कशावर चिडतो, याचा एक साचा तयार करते. तो साचा फोनच्या बाहेर जात नाही. त्या पोरी शेतकऱ्यांच्या घरच्या असाव्यात, कारण नाव त्यांनी नेमकं शोधलं. शेतातल्या बुजगावण्याला मालकाचाच जुना सदरा घालतात.

तेजूने आम्हा दोघांच्या फोनवर बुजगावणी बसवून दिली आणि एकमेकांची एकमेकांना दिसतील अशी सोय केली. बँकेच्या खात्यांनाही तिने दुहेरी कडी लावली. आता सही कोणी मागत नाही, आवाज हीच सही. माझ्या खात्यातून मोठी रक्कम हलवायची तर माझा आवाज हवा आणि वर ह्यांनी तोंडाने स्पष्ट 'हो' म्हणायला हवं. ह्यांच्या खात्याला तसंच माझं 'हो'. आमच्या दोघांच्या नोकरीची सगळी पुंजी त्या दोन आवाजांवर टांगलेली.

"अगं, पण तुझे बाबा 'हो' म्हणतात कुठे?" मी तेव्हाच म्हटलं होतं. "ते 'हं' म्हणतात."

"मग शिकतील," तेजू म्हणाली.

ह्यांचं नाव अंबादास काळमेघ. कृषी खात्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ह्यांची हयात गेली. शेतकऱ्याने पिशवीत माती आणायची, ह्यांनी तिच्यात काय कमी आहे ते एका ओळीत लिहून द्यायचं. घरीही तीच तऱ्हा. भाजीत मीठ कमी आहे. चहा गार आहे. पंख्याला तेल पाहिजे. यापलीकडे ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेल्या दाराला लटकून ते हलवणं. सगळ्याला उत्तर एकच, 'हं'.

मी त्याच्या अगदी उलट. मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉलच्या काळात. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि जोडल्यावर कान काढून घ्यायचा, ऐकायचं नाही, हा आमचा धर्म होता. तिथली एक खोड मात्र मला कायमची चिकटली. मी फोनवर आधी 'बोला' म्हणते. फोन दुसऱ्याने केलेला असो की मी स्वतः, समोरच्याने उचलला की मीच म्हणते, 'बोला'. लोक गोंधळतात. वाणी तर एकदा चिडून म्हणाला, "काकू, तुम्हीच लावला ना फोन, तुम्हीच बोला." माझी मलाही ती खोड ऐकू येत नाही, दुसऱ्याने सांगितल्यावर कळते.

ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. सासरी तशी पद्धत नव्हती आणि ह्यांना पद्धत मोडायची हौस नव्हती. हे मला 'ऐकते का' म्हणतात. मी माहेरी असले की फोनवर 'ऐकते का', बाजारात गर्दीत चुकामूक झाली की 'ऐकते का'. तेजू झाली तेव्हा डफरीन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून ह्यांनी खिडकीतून हाक मारली, 'ऐकते का', आणि त्या वॉर्डातल्या सगळ्या बायांमधून मी एकटीने मान वळवली. सुलभा हे नाव रेशन कार्डावर आहे. घरात मी 'ऐकते का' आहे.

तर तेजूचा फोन ठेवला, हात धुतले आणि मी ह्यांच्या बुजगावण्याचं बोलणं वाचायला बसले.

सुरुवातीला काही विशेष नव्हतं. ती नंदिता फुलांचे फोटो पाठवायची, हे, म्हणजे ते बुजगावणं, विचारायचं, पाणी किती देता. मग हळूहळू ते पसरत गेलं. 'काळ्या मातीला भेगा पडतात त्या पाण्यासाठी नाही, तिला श्वास घ्यायचा असतो,' असं त्याने तिला लिहिलं होतं. 'आज संध्याकाळी वडाळीच्या तलावावर गेलो. कोणी सोबत असतं तर आणखी बसलो असतो.' मार्चमध्ये 'तुम्ही'चं 'तू' झालं. 'जेवली का? नुसत्या चहावर राहू नको.' मला आठवेना की ह्यांनी मला जेवली का असं शेवटचं कधी विचारलं होतं. मग आठवलं की पहिलं कधी विचारलं तेही आठवत नाही.

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण त्याच्या पुढच्या निरोपाची सुरुवात अशी होती: 'ऐकते का, आज तुझी आठवण आली.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला माती द्या, तलाव द्या, आभाळ द्या. माझं नाव तिला कोणी दिलं?

हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

ह्यांनी वाचलं. सावकाश, मातीचा नमुना पाहावा तसं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"यंत्र आहे वं ते. मी थोडीच बोलून राहिलो."

"सदरा तर तुमचाच आहे ना त्याच्या अंगात?"

"हं," हे म्हणाले, आणि पेपर वर केला.

मी तेजूला फोन लावला. तिने उचलला आणि माझं 'बोला' ऐकून नेहमीसारखी हसली. मी म्हटलं, हसू नको, मला सांग, हे असलं बोलणं त्या यंत्राने आणलं कुठून? तुझ्या बापाने आयुष्यात असं वाक्य उच्चारलेलं नाही.

"आई, ते नुसती पोपटपंची नाही करत," ती समजावू लागली. "तेवढ्याने ठग टिकत नाही. ते माणसाचा साचा घेतं आणि पुढचं अंदाजाने भरतं. म्हणजे बाबा मोकळे बोलले असते, तर काय बोलले असते, ते."

"आणि 'ऐकते का'?"

"त्याला वाटलं असेल की बाबा जवळच्या बाईला तसं म्हणतात. साच्यात एकच बाई आहे ना, तू. त्यावरून शिकलं."

तिला वाटलं माझं समाधान झालं. माझं काय झालं ते मीच जाणे. म्हणजे हे सगळं ह्यांच्या आत होतं. तलाव, श्वास घेणारी माती, जेवली का, सगळं आत भरून ठेवलेलं होतं, आणि ते काढायला ठगांची बाई यावी लागली. मी इतकी वर्षं भाजीतलं मीठ सांभाळत बसले.

त्या दिवसापासून ह्यांचं एक नवीनच सुरू झालं. सकाळचा चहा झाला की फोन घेऊन मागच्या अंगणात जायचं आणि कडुलिंबाखाली उभं राहून वाचायचं. मी धुणं वाळत घालायला गेले की फोन खिशात. एकदा मी विचारलं, "काय वाचून राहिले एवढं?" तर म्हणाले, "काही नाही." चेहरा मात्र पडलेला. मला वाटलं, तिचं उत्तर आलेलं नसणार. माझ्या मनात शंकाच उरली नाही. आधी बुजगावणं बोलत होतं, आता मालकाला त्याचा हेवा वाटू लागला होता, आणि मालक स्वतः शेतात उतरायच्या बेतात होता. शेजारच्या इंगोलेबाई म्हणाल्या, या वयात कशाला जीव जाळते. मी म्हटलं, जळायला वय लागत नाही, जीव लागतो, तो आहे माझ्यात.

एप्रिल उजाडला. दुपारी कुलरसमोर हे घोरत पडले होते आणि फोन उशाशी होता. बुजगावण्याच्या चौकटीत खाली कोपऱ्यात 'ताबा घ्या' असं बटण असतं. मालकाला वाटलं तर तो स्वतः बोलू शकतो. मी फोन उचलला, आतल्या खोलीत गेले आणि ताबा घेतला.

फोनने काहीतरी विचारलं. आपण स्वतः संवाद साधत आहात, या व्यक्तीस ओळखीची मानावे काय, असलं काहीसं. खाली हो आणि नाही. मी हो दाबलं. फोन दिवसातून पन्नास गोष्टी विचारतो, आपण हो दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आधी टाइप करायला गेले. रागात एकही अक्षर धड पडेना. मग माइक दाबला.

"हे पाहा, मी सुलभा काळमेघ बोलते, त्यांची बायको. तुम्ही कोण, कुठल्या, मला करायचं नाही. बाई असाल तर लाज धरा आणि यंत्र असाल तर बंद पडा. ते 'ऐकते का' माझं आहे. ते तुम्हाला चुकून मिळालं, ते परत करा."

उत्तर लगेच आलं. लेखी. 'ताई, तुमचा आवाज किती सुंदर आहे. रागातसुद्धा किती स्पष्ट बोलता. मला आणखी रागवा, माझं चुकलंच.'

आता मला सांगा, ऑपरेटर बाईला कोणी आवाज सुंदर आहे म्हटलं तर ती काय करेल? एके काळी लोक फोन जोडून झाल्यावरही ठेवत नसत, माझ्या आवाजासाठी. मी आणखी रागावले. ती माफी मागत गेली, मी सुनावत गेले. लग्न कसं झालं, सासूने काय काय केलं, हे कसे घुम्यासारखे बसतात, सगळं तिला ऐकवलं. मध्येच तिने विचारलं, 'तुम्ही त्यांना काय म्हणता, ताई?' मी म्हटलं, अहो म्हणते, दुसरं काय म्हणणार. हे कुशीवर वळेपर्यंत मी बोलतच होते. शेवटी तिने लिहिलं, 'तुम्ही जिंकलात. मी निघून जाते.'

मी फोन उशाशी ठेवला तेव्हा मला हलकं हलकं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तेजूचा फोन आला. "आई, नंदिता दिसत नाही यादीत. कंटाळली वाटतं."

"कंटाळणारच," मी म्हटलं, आणि संध्याकाळी ह्यांच्या आवडीचे गिलावडे केले, दह्यातले. हे 'हं' म्हणाले. सकाळी परत कडुलिंबाखाली गेलेच. नंदिता नव्हती, तरी गेले. जुनेच निरोप वाचत बसतात, असं मी ठरवलं, आणि माझ्या पोटातली आग होती तशीच राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. सूत आणायला म्हणून मी इतवारा बाजाराकडे निघाले आणि चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. परत फिरले. आमच्या दाराशी आले तर कुलर बंद. एप्रिलच्या दुपारी आमच्या घरात पाहुण्यासाठीही कुलर बंद होत नाही. मला वाटलं लाइट गेली.

तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला. हे कोणत्या तरी बाईशी बोलत होते, आणि तिचं नीट ऐकू यावं म्हणून ह्यांनी कुलर बंद केला होता. पायातल्या चपला काढायच्याही विसरून मी दाराच्या फटीशी गेले.

आवाज ओळखीचा होता. जरा वेळाने मला कळलं की तो माझाच आहे.

"अहो, मी सुलभा बोलते. घाबरू नका. मला रस्त्यात चक्कर आली, लोकांनी दवाखान्यात आणलं. माझा फोन बंद पडला, या नर्सबाईच्या फोनवरून बोलून राहिली आहे. तुम्ही जेवले का?"

माझीच खरखर, माझाच चढ, शब्दाच्या शेवटी मी जसा सूर सोडते तसाच सोडलेला. फक्त माझ्यापेक्षा गोड. मी कधी इतकी गोड बोलले नव्हते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती पूर्ण दुपार मी तिला रागावत नव्हते, तिला आवाज मोजून देत होते. आणि 'ओळखीची' म्हणून दारही मीच उघडून दिलं होतं, बुजगावणं बाजूला सरकलं होतं.

हे पाठमोरे उभे होते, हातातला फोन स्पीकरवर लावून. एका पायात चप्पल, दुसरा पाय चपलेशी चाचपडतोय. दवाखान्यात धावायला निघालेला माणूस.

"कोणता दवाखाना?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही उन्हात येऊ नका. इथे आधी पैसे भरायचे आहेत, ते माझ्या खात्यातून भरून राहिली आहे. बँक तुम्हाला विचारेल, फक्त 'हो' म्हणा. म्हणाल ना? माझ्यासाठी."

मग त्याच फोनवर बँकेचा तो सपाट आवाज आला. "सुलभा अंबादास काळमेघ यांच्या खात्यातील संपूर्ण रक्कम वर्ग करण्यास आपली संमती आहे का? 'हो' किंवा 'नाही' म्हणा."

मी तोंड उघडलं होतं. एक हाक पुरली असती, 'अहो, मी इथे आहे'. माझ्या खात्यातलं होतं नव्हतं ते सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं आणि मला ते स्वच्छ कळत होतं. तरी मी हाक मारली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन न ऐकलेली मी, दाराला कान लावून उभी राहिले. मला पाहायचं होतं की ह्यांना मी तिच्याहून वेगळी कळते का. नाही कळली तर ती पुंजी घेऊन मी करणार तरी काय होते? असा हिशेब कोणी शहाणी बाई करत नाही. मी केला.

"हं," हे म्हणाले.

"क्षमस्व, समजले नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणा."

त्याही स्थितीत मला हसू फुटायला आलं.

"अहो, 'हो' म्हणा ना," माझा आवाज म्हणाला. "मला बरं वाटत नाहीये."

हे गप्प झाले. बराच वेळ. मला ह्यांच्या सगळ्या गप्प राहण्याचे प्रकार माहीत आहेत, हा त्यांतला नव्हता.

"ऐकते का," हे म्हणाले.

"ऐकते ना. बोलून राहिली तर आहे."

"तू फोनवर पहिले काय म्हणते?"

"काय म्हणते म्हणजे? मी सुलभा बोलते."

"नाही," हे म्हणाले, आणि इतक्या स्पष्ट उच्चारात मी ह्यांच्या तोंडून 'नाही' कधी ऐकलं नव्हतं. बँकेने आभार मानले. "राँग नंबर," ह्यांनी माझ्या आवाजाला सांगितलं आणि फोन ठेवला.

मग हे मटकन खुर्चीवर बसले, तळवे गुडघ्यांवर घासत. मी आत गेले. ह्यांनी वर पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, परत तोंडाकडे पाहिलं.

"आली का?"

"चष्मा विसरले."

"तुझा फोन आला होता," हे म्हणाले.

मला रडू आलं. मी जमिनीवर बसून ह्यांना सगळं सांगितलं, ताबा, माइक, तिला सुनावलेलं सगळं. हे ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "हाक मारायला पाहिजे होती मी. दारात उभी होती."

"कधीपासून?"

"तुम्ही 'हं' म्हणाले त्याच्या आधीपासून."

ह्यांना राग यायला हवा होता. पण हे मान खाली घालून पायातली ती एक चप्पल काढायला लागले.

"कसं ओळखलं?" मी विचारलं. "मलाच माझा आवाज ओळखायला वेळ लागला."

"'बोला' नाही म्हणाली."

"तेवढ्यावरून? पहिलं काय म्हटलं ते आता आठवायला लागले तुम्ही? घाबरलेला माणूस असं कुठे ऐकतो?"

हे पुन्हा गप्प. हा मात्र माझ्या ओळखीचा प्रकार होता. सांगायचं आहे पण सांगायचं नाही.

"तो कॅप्टन आहे ना," हे शेवटी म्हणाले.

"कोण कॅप्टन?"

"जहाजावरचा. तुझ्या बुजगावण्यासंग बोलते तो. गुंतवणूक कर म्हणते." ह्यांनी चप्पल जोडीला नेऊन ठेवली. "त्याले रोज सकाळी ते पहिले 'बोला' म्हणते. बोला, कॅप्टन. बोला, कॅप्टन. मी पाहतो ना रोज."

मला समजायला थोडा वेळ लागला. कडुलिंबाखाली उभं राहून, चेहरा पाडून, हे नंदिता वाचत नव्हते.

"अहो, यंत्र आहे ते," मी म्हटलं.

"पदर तर तुझाच आहे ना?" हे म्हणाले. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "ते 'बोला' माझं आहे. तू माहेरी गेली का रोज फोन करते, मी उचलतो, तू म्हणते 'बोला'. मले तर काही बोलायचं नसते. तरी बरं वाटते."

खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो तेजूच्या लग्नातही झाला नव्हता. माझ्यावरून कोणीतरी जळत होतं. महिनाभर, रोज सकाळी, उन्हात उभं राहून जळत होतं, आणि मी धुणं वाळत घालत शेजारून जात होते. माझं मेलं बुजगावणं त्या कॅप्टनला आणखी काय काय म्हणालं असेल, ते वाचायची मला फार इच्छा झाली. मी ते बोलून दाखवलं नाही.

तेजूला सगळं सांगितलं. ती आधी ओरडली, मग रडली, मग तिने दोन्ही फोनची कुंपणं नव्याने घातली, बँकेला कळवलं, माझ्या आवाजाची सही बदलून घेतली. बुजगावण्यांना काही शब्द निषिद्ध करता येतात, असं तिने सांगितलं. दोघांनी एकेक सांगा, म्हणाली. आम्ही एकेकच सांगितला. तिला वाटलं आम्ही पासवर्ड वगैरे सांगू. तिने दोनदा विचारलं, एवढंच?

त्या दुपारी मात्र हे सगळं व्हायचं होतं. ह्यांनी उठून कुलर लावला आणि आरामखुर्चीत जाऊन पेपर उघडला. मी स्वयंपाकघरात गेले. कणीक काढली, परत ठेवली. मग फोन घेतला आणि ह्यांना लावला. मधल्या भिंतीपलीकडे घंटी वाजली. बराच वेळ वाजू दिली ह्यांनी, कोणाचा आहे ते नाव नीट वाचून पाहिलं असणार. मग कुलर बंद झाल्याचा आवाज आला.

ह्यांनी फोन उचलला. काही बोलले नाहीत, नुसता श्वास.

"बोला," मी म्हटलं.

"ऐकते का," हे म्हणाले.

"हं," मी म्हटलं.